हेलिक्स गोगलगायीचं फुफ्फुस आकृतीत कुठे दाखवायचं?

शिंगवाली: हेलिक्स प्रजातीची आकृती काढतेय आणि पार डोकं फिरलंय. कल्ले नाहीत म्हणतात, मग श्वास कुठून? आणि गुदद्वार मानेजवळ दाखवलंय, ही छपाईची चूक आहे का? त्यात अ‍ॅस्पर्सा नावाच्या गोगलगायीला कोणी हेलिक्स म्हणतं कोणी कॉर्नू, नक्की काय लिहू?

ओलीमाती: चूक नाही गं, खरंच तिथेच असतं. वाढताना आतले अवयव पिळवटून पुढे येतात म्हणून. शंखाच्या तोंडाशी प्रावाराची, म्हणजे शंखाला आतून लागून असलेल्या मऊ आवरणाची, जाड कड दिसते ना, तिच्यात उजव्या बाजूला एक भोक उघडतं-मिटतं, ते श्वासरंध्र, आणि गुदद्वार त्याला अगदी खेटून. भोकातून आत गेलं की प्रावार पोकळी, तिच्या छतावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, तेच फुफ्फुस. पोकळीचा तळ खाली गेला की हवा आत येते. हृदय आणि मूत्रपिंडही त्या छतालाच चिकटलेलं दाखव. हृदयाला कप्पे दोनच, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं तांब्याचं हिमोसायनिन, त्यामुळे ऑक्सिजन मिळाला की रक्त निळसर दिसतं.

कवचकुंडल: वरचं सगळं बरोबर, पण खरी मजा जननसंस्थेत आहे आणि ती लोक आकृतीत उरकून टाकतात. प्राणी उभयलिंगी, जननरंध्र एकच, उजव्या मोठ्या शिंगाच्या जरा मागे. आत एक जाड स्नायूंची पिशवी असते, तिच्यात चुन्याचा बाण तयार होतो आणि मीलनाआधी तो चक्क जोडीदाराच्या अंगात खुपसतात! बाणातून शुक्राणू जात नाहीत हं, पिशवीला लागून झुडपासारख्या दोन श्लेष्मग्रंथी असतात, त्यांचा स्राव जातो. अ‍ॅस्पर्सावरच्या प्रयोगांत दिसलंय की त्या स्रावामुळे जोडीदाराच्या शरीरात जास्त शुक्राणू टिकतात, नाहीतर बहुतेक पचूनच जातात. पिशवी आणि ग्रंथी मोठ्या काढ, वर्गीकरणवाले आधी तेच बघतात, नुसत्या शंखावर कोणी विश्वास ठेवत नाही.

शिंगवाली: बाण!! हे पुस्तकात एका ओळीत होतं. आणि नावाचं?

जुनाशंख: प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये गोल शंखाचं दिसेल ते हेलिक्समध्ये कोंबलं होतं, पुढे शरीररचना बघून बरीचशी बाहेर काढली. म्युलर नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1774 मध्ये अ‍ॅस्पर्सालाही हेलिक्सच म्हटलं होतं, आता कॉर्नू अ‍ॅस्पर्सम लिहितात. तू सरळ हेलिक्स पोमेशिया काढ, युरोपातली मोठी, वाद नाही. फक्त शंखाचं टोक वर धरलं की तोंड उजवीकडे आलं पाहिजे. डावीकडे काढलंस तर श्वासरंध्र, जननरंध्र सगळंच डावीकडे न्यावं लागेल, तशी डावखुरी एखादीच सापडते.