इंग्लंडच्या रानवाटा सायकलींना सरसकट खुल्या कराव्यात का?

गियरवाला (ब्रिस्टल)

इंग्लंड-वेल्स सीमेजवळचं फॉरेस्ट ऑफ डीन हे जंगल आणि त्याला चिकटलेलं वाय नदीचं खोरं. माउंटन बाइकवाल्याला आणखी काय हवं? कॅनपच्या सायकल केंद्राहून मध्यम अवघड निळी 'व्हर्डरर्स' ट्रेल, तयारी असेल तर त्याहून अवघड लाल 'फ्रीमायनर्स', पोरंबाळं सोबत असतील तर जुन्या रेल्वेमार्गावरची सपाट फॅमिली ट्रेल. पलीकडे सायमंड्स याटहून नदीकाठाने वेल्समधल्या मॉन्मथपर्यंत पेरेग्रिन पाथ. तोही १९५९ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्याच जागेवर.

पण या आखलेल्या वाटा सोडून दोन खोरी जोडणारा स्वतःचा मार्ग काढायला बसा, म्हणजे गंमत कळेल. नकाशावर हिरव्या तुटक रेघा: लांब असतील तर ब्राइडलवे, म्हणजे घोडा आणि सायकल चालते. आखूड असतील तर फुटपाथ, फक्त पायी. आणि प्रत्यक्ष जागेवर काय? रोज ट्रॅक्टर जातो तो खडीचा रुंद रस्ता 'फुटपाथ', आणि खुरांनी तुडवून गुडघाभर राडा झालेली घळ 'ब्राइडलवे'. इंग्लंडमधल्या अशा सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम २२ टक्के सायकलला खुल्या आहेत.

स्कॉटलंडने २००३ च्या कायद्यात सरळ सांगितलं: जबाबदारीने वागा आणि पायी, घोड्यावर, सायकलवर कुठेही जा. तिथे आकाश कोसळलेलं नाही. इंग्लंडनेही तेच करावं असं माझं मत. बोला.

सह्यपाय (बर्मिंगहॅम)

सपशेल असहमत. स्कॉटलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, इंग्लंडची साडेपाच कोटींहून जास्त. क्षेत्रफळ मात्र दुप्पटही नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये दिवसभरात चार माणसं भेटतात. रविवारी सकाळी सरे हिल्समध्ये, पीसलेकच्या आसपास जाऊन बघा, गावात सायकलीच सायकली दिसतील. लंडनहून तासाभरात पोहोचता येणाऱ्या टेकड्यांना हायलँड्सचा नियम कसा लावणार?

मी चालणारा माणूस. गुडघ्यांची तक्रार सुरू झाल्यापासून तर फारच सावकाश चालणारा. अरुंद वाटेच्या वळणावर वरून कुणीतरी सुसाट येतो, शेवटच्या क्षणी 'सॉरी मेट' म्हणतो आणि दिसेनासा होतो. त्याच्या सॉरीचं मी काय करू? काही वाटा अशा हव्यातच की जिथे मागे वळून बघावं लागत नाही. म्हाताऱ्यांना, लहान मुलांना, कमी ऐकू येणाऱ्यांना तेवढा हक्क नको?

शिवाय वाट फक्त जाण्यायेण्यासाठी नसते. एप्रिलअखेर जुन्या रानात ब्लूबेलची निळी फुलं फुलतात, त्यांची पानं एकदा चिरडली की कंदाला सावरायला वर्षं लागतात. चालणारेही तुडवतात, मान्य. पण चालणारे झाडांच्या मधून उड्या मारायचे ढिगारे बांधत नाहीत.

काका_रेडिंगवाले

वाद चांगला रंगलाय, थोडं कायद्याचं इंधन घालतो.

ही फुटपाथ-ब्राइडलवेची वाटणी कुणी वाटेची रुंदी मोजून केलेली नाही. १९४९ च्या कायद्यानुसार कौंटी कौन्सिलांना आपापल्या भागातल्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला सांगितलं, आणि गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी आधी पाहणी करून यादी दिली. त्या वेळी ज्या वाटेवरून घोडे जात असल्याचं कुणी ठामपणे मांडलं ती ब्राइडलवे, बाकीच्या फुटपाथ. एखाद्या गावातला लिहिणारा उत्साही, दुसऱ्यातला आळशी. म्हणून कित्येकदा ब्राइडलवे गावाच्या शिवेपर्यंत येतो आणि शिव ओलांडली की त्याच वाटेचा फुटपाथ होतो. घोडे काय शिवेवर हवेत विरून जायचे?

सायकलला ब्राइडलवेवर हक्क मिळाला तो १९६८ च्या कायद्याने, आणि तोही दोन अटींवर. पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. आणि सायकलसाठी वाट सुधारून देण्याचं बंधन कुणावरही नाही. गियरवाला, तुमच्या गुडघाभर राड्याचं मूळ त्या दुसऱ्या अटीत आहे.

फुटपाथवर सायकल चालवणं हा सहसा फौजदारी गुन्हा नाही, जमीनमालकाविरुद्धचा दिवाणी अतिक्रमणाचा मामला आहे. 'खटला भरू' अशा पाट्यांमध्ये बरीचशी हवाच असते. म्हणून घुसा असं मात्र मी म्हणत नाहीये!

घोडेस्वाराची_आई (ग्लॉस्टरशर)

धागा वाचून राहवलं नाही. माझी लेक घोडेस्वारी शिकते, त्यामुळे तिसरी बाजू मांडते.

घोड्याला सायकल दिसली तर फारसं काही होत नाही. न दिसता मागून आली तर होतं. आवाज न करणारी, जोरात येणारी, खाली वाकलेली वस्तू म्हणजे त्याच्या लेखी शिकारी जनावर. तो लाथ तरी झाडतो नाहीतर उधळतो, आणि वर बारा वर्षांची मुलगी बसलेली असते. सायकलवाल्यांनी वीस पावलं आधी वेग कमी करून नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी पुरतं. माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत होतो. घंटीने होईलच असं नाही.

आता माझा मुद्दा. फुटपाथ घोड्यांनाही बंदच आहेत, आणि आम्हाला मोटारींच्या रस्त्यावरून जाणं सायकलींपेक्षा जास्त धोक्याचं आहे. त्यामुळे वाटा वाढवायच्या तर दोघांसाठी मिळून मागा. फक्त सायकलींसाठी मागितल्या तर आम्ही विरोधात.

चिखलमित्र (शेफिल्ड)

मी सायकलवाला, तरीही 'सरसकट'ला माझा विरोध. इथले स्वयंसेवक वाटा दुरुस्त करतात त्यांच्यात फावडं घेऊन मीही असतो, म्हणून जमिनीच्या बाजूने बोलतो.

पावलाचा ठसा तुटक पडतो, चाकाची चाकोरी सलग पडते. उताराच्या दिशेने सलग चाकोरी पडली की पाण्याला आयता पाट मिळाला. पाणी माती घेऊन जातं, मुळं उघडी पडतात, मग पुढचा सायकलवाला डबकं टाळायला बाजूने जातो, त्याच्या पुढचा आणखी बाजूने. दोन हिवाळ्यांत हातभर वाटेची बैलगाडी जाईल एवढी रुंदी होते. नीट बांधलेल्या वाटेत उतारावर मध्येच छोटा उंचवटा ठेवतात, म्हणजे पाणी तिथून बाजूला पडतं. वाट उताराला काटकोनात नाही आणि सरळ खालीही नाही, तिरपी काढतात. तळाला दगड. हे केलं तर हजारो चाकं सोसते. ज्या फुटपाथवर यातलं काहीच केलेलं नाही तो चिकणमातीच्या प्रदेशात जानेवारीत खुला करणं म्हणजे त्याची वाट लावणं.

सह्यपाय, तुमचे उड्यांचे ढिगारे मात्र परवानगी नसल्यामुळेच चोरून होतात. जिथे पोरांना कायदेशीर जागा दिली तिथे ती स्वतःच निगा राखतात.

गियरवाला

काका, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. वर्गवारीच जर सत्तर वर्षांपूर्वीच्या यादीवर चालत असेल तर ती पवित्र का मानायची?

सह्यपाय, १९३२ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट डोंगरावर चालणारेच मनाई मोडून घुसले होते. पाच जण तुरुंगातही गेले. पाणलोट खराब होईल, ग्राउज पक्षी उठतील, असंच तेव्हाही सांगितलं जायचं. आज त्याच चालणाऱ्यांना दार आतून लावून घ्यायचंय! निसर्गाचंच म्हणाल तर वाय नदीचं पाणी बिघडलं त्यात कोंबड्यांच्या शेडमधल्या खताचा मोठा वाटा आहे, टायरांचा नाही. डीनच्या रानात रस्त्याकडेचं गवत नांगरल्यासारखं उलथलेलं दिसतं ते रानडुकरांचं काम.

घोडेस्वाराची_आई, ताई, तुमची अट मान्य. दोघांसाठी मिळून.

सह्यपाय

किंडरची लढाई जमीनमालकांशी होती. त्यांना शिकारीसाठी डोंगर हवा होता. इथे तुम्ही माझ्यासारख्या काठी टेकत चालणाऱ्याशी लढताय. फरक आहे राव.

आणि ई-बाइकचं काय? २५० वॅट, ताशी २५ किमीपर्यंतच मदत, ही कायदेशीर सायकल. तिच्या वजनाने आणि चढावरच्या वेगाने गणित बदलतं. पूर्वी चढाची धास्ती असायची म्हणून दूरच्या वाटांवर गर्दी नसे. आता चढावरही मागून येतात. चिखलमित्रचं पटलं: आधी वाट बांधा, मग खुली करा.

काका_रेडिंगवाले

एक राहिलंच. जुन्या पण नकाशावर न चढलेल्या हक्कांची नोंद करायला २००० च्या कायद्यात २०२६ ची मुदत होती. ती २०३१ केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने मुदतच रद्द करणार असल्याचं जाहीर केलं. मुद्दा असा की नवा कायदा न आणताही चर्चच्या दशांश करासाठी केलेले जुने नकाशे, एन्क्लोजरचे (सामायिक जमिनी कुंपणात घेतल्याचे) निवाडे दाखवून एखादा फुटपाथ ब्राइडलवे ठरवता येतो. काम किचकट, कौन्सिलांकडे अर्ज वर्षानुवर्षं पडून. पण प्रत्येक वाटेचा निकाल तिच्या पुराव्यावर होतो, सरसकट नाही.

चिखलमित्र

काका, हे अर्ज करणाऱ्यांत घोडेवाल्या संघटना फार पुढे आहेत, सायकलवाले मागे. गियरवाला, तुमच्या त्या ट्रॅक्टरवाल्या रस्त्याचा पत्ता द्या, जुने नकाशे मी काढतो.

गियरवाला

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पण 'सरसकट' मी मागे घेतलेलं नाही, नोंद घ्यावी.