व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालू असताना पांढऱ्या पेशी घसरल्या, डोस अर्धा करू का?

काळजीवाहू_बहीण: धाकट्या भावाच्या किडनी ट्रान्सप्लांटला अडीच महिने झाले. दाता सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) पॉझिटिव्ह, भाऊ निगेटिव्ह, म्हणून तो व्हायरस रोखायला व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा २०० दिवसांचा कोर्स, रोज ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. आता पांढऱ्या पेशी २१०० वर आल्यात. डॉक्टर गुरुवारी भेटणार, तोवर एकच गोळी देऊ का? लेटरमोव्हिर (सीएमव्ही रोखणारं दुसरं औषध) प्लीज सुचवू नका, बजेटबाहेर आहे.

दुसरी_इनिंग: लेटरमोव्हिरच घ्या. मी तेच घेतो, पेशी एकदम ठणठणीत.

तिरकस: अहो, नको म्हणून वरच लिहिलंय त्यांनी. शिवाय ते नागिणीवर चालत नाही, त्यासाठी असायक्लोव्हिर वेगळं, आणि टॅक्रोलिमसची (नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल चढते ती वेगळीच.

दुसरी_इनिंग: मला नाही झाली नागीण.

पोळलेला: ताई, गोळी कमी करू नका. मी हाच शहाणपणा केला होता, पेशी कमी आल्या म्हणून मनानेच निम्मा डोस, सहा आठवडे कुणाला पत्ता नाही. अर्धवट औषधात व्हायरस मरत नाही, सरावतो. मग ताप, पीसीआरचा (रक्तातल्या व्हायरसचा) आकडा वर, पूर्ण डोस दोन आठवडे देऊनही हलेना तेव्हा जीनची टेस्ट केली तर यूएल९७ मध्ये म्युटेशन. त्या जीनचं एन्झाइमच या औषधाला कामाला लावतं, ते बिघडलं की गोळी पोटात जाऊन नुसती पडून. शेवटी फॉस्कारनेट या किडनीला जड औषधाची सलाइन, आणि क्रिएटिनिन (किडनी कमी चालली की वाढतं ते) वाढलं ते पूर्वीच्या जागी आलंच नाही.

तिरकस: मॅरिबॅव्हिर (अशा सरावलेल्या व्हायरसवरची गोळी) का नाही दिलं?

पोळलेला: २०१९ ची गोष्ट आहे, तेव्हा कुठे होतं ते.

जुनाजाणता: आम्हाला १०० दिवसच दिलं होतं, काऽही झालं नाही. गोळी जेवणासोबत देताय ना?

रिपोर्टफाइल: डोस क्रिएटिनिन क्लिअरन्सवर, म्हणजे किडनी किती काम करते त्यावर ठरतो, पेशींवर नाही. किडनी सुधारली आणि डोस जुनाच राहिला तरी कमी पडतो, तेही विचारा. पेशी सेप्ट्रान (इन्फेक्शन टाळायची अँटिबायोटिक) आणि मायकोफेनोलेटनेही (रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, रोखणारी गोळी) पडतात.

दुसरी_इनिंग: मायकोफेनोलेटला हात लावू देऊ नका!! रिजेक्शन येतं.

जुनाजाणता: +१. मायकोफेनोलेट नको.

पोळलेला: हो, ते मलाही नाही पटत.

काळजीवाहू_बहीण: गुरुवारपर्यंत न थांबता आजच फोन केला. डॉक्टरांनी मायकोफेनोलेटच कमी केलंय, तुम्ही सगळे नको म्हणालात तरी मी ऐकतेय त्यांचं. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या दोनच. सोमवारी परत सीबीसी.

दुसरी_इनिंग: लेटरमोव्हिरचं विचारलंत का?