'विश्वासांतर' चालेल का?

दोनपदरी: सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारांच्या दोन पाहण्यांचा अहवाल मराठीत आणतोय. 'कॉन्फिडन्स इंटरव्हल'ला, म्हणजे नमुन्यावरून खऱ्या आकड्यासाठी काढलेल्या खालच्या-वरच्या मर्यादांना, 'विश्वासांतर' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे विश्वासात अंतर पडल्यासारखं वाटतं. समजा, आधी ४०० पैकी ४० टक्के 'हो' म्हणाले, नंतर दुसऱ्या ४०० पैकी ४७ टक्के. फरकाच्या त्या मर्यादांना काय म्हणू?

पूर्वभागकर: बाईंचं बरोबर आहे. रूपांतर, मतांतर, धर्मांतर बघा. तिथे 'अंतर' म्हणजे 'दुसरा'. विश्वासांतर म्हणजे श्रद्धाच बदलली! 'विश्वास-अंतराल' करा.

जुनी गिरणी: अंतराल कोण बोलतं? टॉवेल तोलताना आम्ही 'दहा ग्रॅम मागेपुढे' म्हणतो. 'भरवशाचा पट्टा' लिहा, कामगारालाही कळेल.

संख्याप्रेमी: पट्टा चालेल, पण कशाचा? एकेका पाहणीचा काढला तर ३५.२ ते ४४.८ आणि ४२.१ ते ५१.९. ते एकमेकांवर चढतात, म्हणून लोक 'फरक नाही' लिहून मोकळे होतात. हे साफ चूक! फरकाचा पट्टा वेगळा काढायचा. दोन्ही प्रमाणत्रुटींच्या (नमुन्यागणिक टक्का साधारण किती हलतो, त्या मापांच्या) वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, गुणिले १.९६ (९५ टक्के भरवशासाठीचा आकडा). उत्तर ६.८५. सातातून ते वजा आणि सातात अधिक, म्हणजे फरक ०.१५ ते १३.८५, शून्य जेमतेम बाहेर, म्हणून 'फरक नाही' म्हणता येत नाही. तेच कामगार दोनदा विचारले असतील तर मात्र हे सूत्र लागत नाही. आणि भरवसा पद्धतीवर असतो, एका पट्ट्यावर नाही: पुन्हापुन्हा नमुने काढले तर शंभरातले साधारण ९५ पट्टे खऱ्या फरकाला धरतात. येर्झी नेमान या संख्याशास्त्रज्ञानं १९३७ साली हे नीट मांडलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनला त्याच्याच हाताखाली शिकले.

निवृत्त मास्तर: 'सात टक्के वाढ' तेवढं लिहू नका. ४० वरून ४७ म्हणजे साडेसतरा टक्के वाढ, फरक सात टक्केबिंदूंचा. खरं तर 'शेकडा' म्हणावं. टक्का आला टंक नाण्यावरून, शेकडा आपला. व्याजाचं द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, विसरलात?

पूर्वभागकर: मास्तर, त्यातले 'दर' आणि 'साल' फारसी आहेत.

निवृत्त मास्तर: असू देत, शेकडा नाही ना! तुमचं 'अंतराल' तरी कुणाच्या तोंडी आहे?

दोनपदरी: म्हणजे 'फरकाचा भरवसापट्टा' लिहू का?

जुनी गिरणी: मास्तर, आमची आजी विड्या वळायची. तिची मजुरी हजारावर ठरायची. शेकडा आमच्या घरात कुणी बोललंच नाही.

निवृत्त मास्तर: विड्यांचं सोडा. बाजारात आंबे कसे मोजायचे, तेही सांगा की.