देहदंड ख्रिस्ती श्रद्धेत बसतो का?

धागाकर्ता, म्हापसा
ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिकवणीच्या अधिकृत ग्रंथातला २२६७ वा परिच्छेद बदलून घेतला आणि देहदंड हा मानवी प्रतिष्ठेवरचा आघात असल्याने अग्राह्य आहे, अशी भूमिका त्यात नोंदवली गेली. तरीही एखाद्या बालिकेवरील अत्याचाराची बातमी आली की मिस्सा (प्रार्थनाविधी) संपवून इगर्जीबाहेर (चर्चबाहेर) पडणारी माणसेसुद्धा ‘फासावरच चढवा’ म्हणतात. त्यांचा संताप मला समजतो. परंतु पश्चात्तापाचे दार शेवटच्या श्वासापर्यंत उघडे असते असे मानणाऱ्याने तो श्वास कधी थांबावा हे सरकारवर सोपवणे मला पटत नाही.

प्रतिसाद, मडगाव
आपण शिकवणीतला सर्वांत अलीकडचा बदल तेवढा वाचून दाखवलात. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात संत पौल राज्यकर्त्याच्या हातातील तलवार ही देवाच्या सेवकाचीच तलवार मानतो, मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस समाजाच्या रक्षणासाठी घातक गुन्हेगाराला ठार करणे रास्त ठरवतात, १५६६ ची रोमन धर्मशिकवण न्यायाधीशाचा हा अधिकार मान्य करते आणि खुद्द व्हॅटिकनच्या कायद्यात १९६९ पर्यंत देहदंडाची तरतूद होती. इतक्या पिढ्या चुकत होत्या, असे आपले म्हणणे आहे काय? शिवाय पश्चात्तापाचेच बोलायचे, तर येशूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या चोराला सद्बुद्धी सुचली ती मरण समोर दिसल्यावर, आणि आम्हाला आमच्या कर्माचे योग्य फळ मिळते आहे, असे तो स्वतःच म्हणाला.

धागाकर्ता
चोराने स्वतःची शिक्षा रास्त मानली, हे खरे. पण येशूने त्याला स्वर्गाचे आश्वासन दिले, शिक्षा देणाऱ्यांना प्रमाणपत्र दिले नाही. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला मोशेच्या नियमानुसार दगडमार ठरलेला असताना तो नियम खोटा आहे असे न म्हणताही त्याने दगड उचललेले हात रिकामे केले. परंपरेतील बदलही २०१८ मध्ये अचानक आलेला नाही. समाजाला अन्य मार्गाने सुरक्षित ठेवता येत असल्याने देहदंड अटळ ठरेल अशी प्रकरणे आता जवळजवळ उरलेलीच नाहीत, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्येच लिहिले होते. पौलाच्या काळी जन्मठेपेचे आजच्यासारखे तुरुंग नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद, फोंडा
मी ख्रिस्ती नाही, तरीही गोव्यात राहून या वादाकडे तिऱ्हाईतासारखे पाहता येत नाही. इथल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने (१५६० ते १८१२), दोषी ठरवलेल्यांना जाळण्यासाठी राजसत्तेच्या हवाली केले आणि आपले हात कोरडे असल्याचा देखावा केला. त्यामुळे ‘तलवार राज्यकर्त्याची’ हा युक्तिवाद मला फार सोयीचा वाटतो.

प्रतिसाद, मडगाव
इन्क्विझिशनने श्रद्धेबद्दल माणसे मारली. मी खुनाबद्दल बोलतो आहे. या दोहोंची गल्लत करू नये.

प्रतिसाद, वास्को
मग खुनाचेच उदाहरण घेऊ. १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळले गेले; पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेपच कायम ठेवली. क्षमा आणि शिक्षा इथे एकत्र नांदल्या.

प्रतिसाद, मडगाव
ग्लॅडिसबाईंची क्षमा वंदनीय आहे. पण ती त्यांची होती. त्या दोन मुलांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार न्यायालयाला कोणी दिला, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.