टेरेसच्या दफनभूमीपाशी जिओकॅश लपवावा का?

सॉल्टलेककर:
नमस्कार मंडळी. युटाच्या वाळवंटात टेरेस नावाचं रेल्वेचं गाव होतं, 1869 ला सेंट्रल पॅसिफिकच्या लाइनवर वसलेलं. इंजिनांची शेड, दुकानं, चिनी कामगारांची वस्ती, सगळं होतं, मग 1904 मध्ये ल्युसिन कटऑफ ही जवळच्या वाटेची नवी लाइन झाली, गाड्या थेट ग्रेट सॉल्ट लेकवरून जायला लागल्या आणि गाव ओस पडलं. 1942 मध्ये युद्धाला लोखंड हवं म्हणून रूळसुद्धा उपटले. आता दफनभूमी आणि थोडे अवशेष तेवढे आहेत. लेकीला तिथेच जिओकॅश लपवायचाय, म्हणजे इतरांनी जीपीएसवर शोधायचा छोटा डबा, आत नाव लिहायला वही, पण कुणाच्या तरी कबरीपाशी हा खेळ, मला कसंतरीच वाटतंय. तुम्ही काय कराल?

डबेवाला_जीपीएस:
कबरीपाशी नकोच. लोक डबा शोधताना दगड हलवतात, माती उकरतात, आणि परवानगीशिवाय खणून पुरायला तर जिओकॅशिंगच्या नियमातच मनाई आहे. त्यापेक्षा मल्टी, म्हणजे टप्प्याटप्प्याचा जिओकॅश, कर ना, पहिल्या ठिकाणी माहितीफलक वाचून आकडे काढायचे, त्यावरून कोऑर्डिनेट्स जुळवायचे आणि खरा डबा तिथून चांगला लांब. आधी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याच्या, ऑफिसात विचार, जुन्या अवशेषांची जागा आहे ती. आणि लेकीला सांग, जुना खिळा, बाटलीची काच काही उचलायचं नाही, तो गुन्हा आहे.

भुसावळची_माहेरवाशीण:
मी रेल्वे कॉलनीत वाढले, बाबा लोको शेडमध्ये होते, त्यामुळे लाइन वळवली म्हणून अख्खं गाव गेलं हे वाचून पोटात कालवलं. तुम्ही जाच. पुसट अक्षरं वाचायला दगडावर खडू किंवा शेव्हिंग क्रीम अजिबात चोळू नका, दगड खराब होतो, बाजूने आरशाने ऊन पाडा, अक्षरं उठून दिसतात. आणि चिनी नावं नाही दिसली तर ते नव्हतेच असं लेकीला वाटायला नको, त्या काळी बऱ्याच चिनी कामगारांच्या अस्थी नंतर मायदेशी नेत असत, हे तिला नक्की सांगा.

वाळवंटी_चाकं:
रस्ता जुन्या रुळांच्या भरावावरूनच जातो, त्यात अजून खिळे निघतात, एक स्टेपनी कमीच पडेल. पाणी, पेट्रोल भरून घ्या, वाटेत काही मिळत नाही.

सॉल्टलेककर:
मल्टीच करतो. लेक म्हणते डब्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर ती गावाची गोष्ट लिहिणार, आणि आरसा तिने आत्ताच बॅगेत टाकलाय.