जुन्या फुटबॉल क्लबचे स्थापनावर्ष कसे निश्चित करावे? (सांगली)

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. सांगलीच्या गावभागातील आमच्या जुन्या फुटबॉल क्लबची स्मरणिका काढण्याचे ठरले असून इतिहासलेखनाचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले आहे. माझे वडील आणि चुलते याच क्लबकडून खेळले, त्यामुळे हे काम मला मनापासून करावयाचे आहे. मात्र आरंभीच अडचण उभी राहिली आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरील वर्ष आणि ज्येष्ठ खेळाडू सांगतात ते वर्ष यांत जवळजवळ दोन दशकांचे अंतर आहे. इतिवृत्ताच्या वह्या २०१९च्या महापुरात गेल्या. हाती उरले आहे ते एक अर्धवट वापरलेले वर्गणीचे पावती पुस्तक आणि संघाचे एक छायाचित्र. पावतीवर क्लबच्या नावाखाली ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले आहे, परंतु स्थळप्रतींवरील शाई उडाल्यामुळे तारखा वाचता येत नाहीत. छायाचित्रातील बहुतेक खेळाडू अनवाणी आहेत. स्मरणिकेवर कोणते वर्ष छापणे योग्य ठरेल, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – जुने दप्तर, मिरज

आपल्याकडील पावती पुस्तक आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच बोलके आहे. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव ‘सांगली’ झाले. म्हणजे ते पुस्तक या अकरा-बारा वर्षांतच छापले गेले असणार. छापून उरलेली पुस्तके पुढेही वापरली जात, म्हणून वर्गणी नेमकी त्याच काळात गोळा झाली असे मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. तरीही, पावत्या छापून वर्गणी घेण्याइतका क्लब तेव्हा स्थिरावला होता, एवढे निश्चित होते.

नोंदणीच्या वर्षाबद्दल सांगावयाचे तर, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा आहे, आणि त्यानंतर अनेक तालमी, वाचनालये व मंडळे यांनी आधीपासून चालू असलेल्या कामाची केवळ नोंद करून घेतली. त्यामुळे प्रमाणपत्रावरील वर्ष ही संस्थेची जन्मतारीख मानू नये. धर्मादाय कार्यालयात रीतसर अर्ज करून परिशिष्ट एकचा उतारा (म्हणजे विश्वस्त संस्थांच्या नोंदवहीतील आपल्या संस्थेच्या नोंदीची प्रत) आणि नोंदणीच्या वेळी दाखल केलेल्या घटनेची प्रमाणित प्रत मागावी. कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. ते सर्व मिळाले, तर आपल्या वाहून गेलेल्या इतिवृत्तांतील पदाधिकाऱ्यांची नावे तरी बऱ्याच अंशी परत मिळतील.

माझे स्पष्ट मत असे आहे की, कागदाने सिद्ध होईल तेवढेच वर्ष छापावे.

उत्तर – हाफबॅक

छायाचित्रातील चेंडू भिंगाखाली पाहावा. चामड्याच्या पट्ट्यांचा आणि तोंड वादीने आवळलेला चेंडू असेल, तर छायाचित्र जुने असण्याची शक्यता वाढते. काळ्या पंचकोनांचा पांढरा चेंडू असेल, तर ते बहुधा १९७० च्या मेक्सिको विश्वचषकानंतरचे समजावे, कारण तो चेंडू त्या स्पर्धेमुळे सर्वत्र पोहोचला. अनवाणी खेळाडूंवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेल्या भारतीय संघातील बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १–१० असा पराभव झाल्यावर बुटांची निकड सर्वांना पटली. (आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, तेही याच ऑलिंपिकमध्ये.) राष्ट्रीय संघाची ही स्थिती असताना गावोगावच्या मुलांना बूट परवडण्यास आणखी किती वर्षे लागली असतील, याचा विचार करावा.

उत्तर – वखारभाग

‘जुने दप्तर’ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. ज्या मुलांनी चार-चार आणे जमवून एक चेंडू घेतला, त्यांनी त्या दिवशी ठराव लिहून ठेवला नाही, एवढ्या कारणाने त्यांची वर्षे पुसून टाकणे मला अन्यायाचे वाटते. मोहन बागान १८८९ मध्ये ‘स्पोर्टिंग क्लब’ म्हणून स्थापन झाला आणि नंतर ‘ॲथलेटिक क्लब’ झाला, तरी तो आपले वय १८८९ पासूनच मोजतो.

तथापि, ज्येष्ठांना थेट वर्ष विचारू नये, कारण विचारणाऱ्याला हवे असलेले वर्ष अनेकदा नकळत सांगितले जाते. त्याऐवजी, वसंतदादांनी सांगलीचा तुरुंग फोडला (२४ जुलै १९४३) तेव्हा आपण खेळत होता काय, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीच्या वेळी संघात कोण होते, कोयनेच्या भूकंपाच्या हंगामात गोलरक्षक कोण होता, असे विचारावे. प्रत्येकाला स्वतंत्रपणे भेटावे, आणि दोन आठवणी जुळल्या तरच त्या स्मरणिकेत घ्याव्यात.

कृष्णाकाठ

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. चेंडू पाहिला, तोंडावरची वादी स्पष्ट दिसते. काल चुलत्यांना ‘वखारभाग’ यांनी सुचवल्याप्रमाणे विचारले, तेव्हा ते म्हणाले की, तुरुंग फुटल्याची बातमी आली त्या सुमारास ते स्वतः लहान असल्याने मैदानाबाहेर बसून थोरल्या मुलांचे कपडे सांभाळीत असत आणि क्लबचे नाव तेव्हाही हेच होते. खणभागातील आणखी एका ज्येष्ठ खेळाडूंना या आठवड्यात भेटणार आहे. चुलत्यांचे म्हणणे त्यांना आधी सांगणार नाही. त्यांची आठवण जुळली, तर मुखपृष्ठावर वर्ष न छापता आत ‘१९४३ च्या सुमारास खेळ चालू असल्याची दोन खेळाडूंची आठवण’, ‘१९४९ ते १९६० या काळात छापलेले पावती पुस्तक’ आणि नोंदणीचे वर्ष, असे तिन्ही वेगवेगळे नोंदवावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे ठेवीन. परिशिष्ट एकच्या उताऱ्यासाठीचा अर्ज सोमवारी देत आहे.