100 गावांत सर्वे केला आणि निष्कर्ष काय, तर "फरक पडला नाही". असलं संशोधन हवंय कशाला?

निफाडचा_बागाईतदार

पुतण्या नाशिकला एमबीए करतो, प्रोजेक्टसाठी त्याने एक पेपर काढला होता तो मला समजावून सांगितला. 2012 सालचा आहे, मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन या दोघांचा. त्यांनी महाराष्ट्रातली 100 गावं घेतली, काही गावांतल्या शेतकऱ्यांना रॉयटर्स मार्केट लाइटची मेसेज सेवा फुकट दिली, म्हणजे मोबाईलवर बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला, आणि काही गावांना दिली नाही. कांदा, डाळिंब, टोमॅटो, गहू, सोयाबीन अशी पिकं. मग दोन्हीकडची तुलना केली. तर म्हणे मिळालेल्या भावात सरासरी फरक नाही, पावसाने होणाऱ्या नुकसानीत फरक नाही, वाण बदलला का लागवडीची पद्धत बदलली का, तिथेही नाही.

आता हे आमच्याकडे कांदाचाळीवर बसलेल्या कोणालाही विचारलं असतं तर चहाच्या बदल्यात सांगितलं असतं ना राव. भाव कळून करणार काय, ट्रॅक्टर भरून लासलगावला नेला की लिलावात जो पुकारला तो भाव, नाही पटला तर माल परत आणायचं डिझेल कोण देणार? 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी लागू झाली तेव्हा बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर होतीच की, कोणाचा क्विंटल वाचला त्याने?

तर माझं म्हणणं असं की "नवं तंत्रज्ञान आणि त्याचा समाजावर परिणाम" असले अभ्यास म्हणजे प्राध्यापक लोकांच्या प्रमोशनची सोय. आधी संगणक होता, मग एसएमएस, मग ॲप, आता एआय. विषय बदलतो, प्रश्नावली तीच. घरात किती माणसं, फोन कोणाच्या नावावर, कर्ज किती, सगळं विचारून जातात आणि नंतर गावाकडे फिरकत नाहीत. नसेल पटत तर बोला.

पीएचडी_रखडलेली

दादा, शेवटचा मुद्दा एकदम मान्य, त्यावर नंतर येते. पण "फरक पडला नाही" हा निष्कर्ष म्हणजे फुकट गेलेलं संशोधन हे अजिबात मान्य नाही.

तुमच्या पेपरच्या शेजारी अजून दोन ठेवा. रॉबर्ट जेन्सनचा 2007 चा, केरळच्या मच्छीमारांवर. तिथे 1997 ते 2001 मध्ये टप्प्याटप्प्याने मोबाईल पोचला, आणि होड्या समुद्रात असतानाच फोन करून कुठल्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारायला लागल्या. आधी रोजच्या मासळीतली 5 ते 8 टक्के विकलीच जायची नाही, फेकायला लागायची, ते जवळपास थांबलं, मच्छीमारांचा नफा 8 टक्के वाढला आणि खाणाऱ्यांना मासळी 4 टक्के स्वस्त मिळाली. दुसरा अपराजिता गोयल यांचा 2010 चा, मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीच्या ई-चौपालवर, म्हणजे गावात संगणक ठेवून भाव दाखवायचे त्यावर. तिथे सोयाबीनचा भाव 1 ते 3 टक्के वाढला.

आता तिन्ही एकत्र बघा. तिघांनाही भाव कळत होता, मग दोन ठिकाणी चाललं आणि आपल्याकडे का नाही? केरळात होडी वळवता येते, किनाऱ्याला लागायच्या आधी. ई-चौपालमध्ये नुसता भाव दाखवत नव्हते, कंपनी स्वतः तो माल घेत होती, म्हणजे मंडीबाहेर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. आपल्याकडे मेसेजमध्ये नुसता आकडा आला, गिऱ्हाईक तेच आणि आवार तेच. म्हणजे पैसे घालायचे तर दुसरं गिऱ्हाईक उभं करण्यात घाला, भाव दाखवणारं पन्नासावं ॲप काढू नका, हे त्यातून निघतं. चाळीवरच्या माणसाला हे अर्धं माहीत असतं हो, पण त्याच्या शब्दावर बजेट हलत नाही ना.

सातपूरचा_संत्या

ताई बजेट पेपरवर पण हलत नाही 😄 हलत असतं तर भाव दाखवणारी ॲप बंद झाली असती. दर वर्षी एक नवीन येतं, उद्घाटन होतं, फोटो निघतो, मग सहा महिन्यांनी उघडलं की "सर्व्हर उपलब्ध नाही".

मुनीम_पिंपळगाव

मी आडतीवर बसतो, दोन्ही बाजू रोज बघतो म्हणून सांगतो. बागाईतदार साहेब म्हणतात काही फरक नाही, ते साफ चूक आहे. 2012 चा पेपर आज कशाला दाखवताय, तेव्हा साधे फोन होते. आज टोमॅटोवाला क्रेट भरायच्या आधी तीन बाजारांचे भाव व्हॉट्सॲपवर बघतो आणि ज्या दिवशी आवक जास्त दिसते त्या दिवशी तोडाच करत नाही. जास्तकरून पोरं करतात हे, म्हातारे अजून "चल बघू तिकडे जाऊन" म्हणून निघतात. सरासरी काढली की हे सगळं एकमेकांत मिसळून शून्य दिसणारच.

आणि व्यापारी काय डोळे मिटून बसलेत का, आमच्याकडे पण दिल्ली, कोलकाता, बांगलादेश बॉर्डर सगळं मोबाईलवरच येतं, शेतकऱ्याच्या आधी येतं. त्यामुळे माहिती दोघांना मिळाली तर सौद्यात कोण पुढे जातं हा अभ्यास करा कोणीतरी.

पीएचडी_रखडलेली

@मुनीम_पिंपळगाव, केला आहे दादा, म्हणजे तुमच्या आडतीवर नाही, पण मुद्दा तोच. केंटारो टोयामा म्हणून आहेत, बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये होते. त्यांचं सगळं म्हणणं हेच की तंत्रज्ञान आधी जे आहे तेच मोठं करतं. ज्याच्याकडे पैसा, ओळखी, वेळ आहे त्याचा हात अजून लांब होतो, ज्याच्याकडे नाही त्याच्या हातात नुसता फोन राहतो.

आणि केरळच्या मच्छीमारांचं पण परत तपासलं गेलं बरं का. 2013 मध्ये जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या दोघींनी तिकडे जाऊन, लोकांशी बोलून, दाखवून दिलं की ते चित्र सगळ्या मच्छीमारांना सरसकट लागू होत नाही. पहिल्या पेपरवर जग टाळ्या वाजवत होतं तेव्हा परत जाऊन बघणारं कोणीतरी लागतं की नाही?

निफाडचा_बागाईतदार

म्हणजे पहिल्यांदा एक पेपर, मग तो चूक आहे म्हणायला दुसरा पेपर, मग दोघांचं जुळवायला तिसरा. आणि आमचा कांदा चाळीत सडतोय तो सडतोयच. ताई तुमच्यावर राग नाही, पण हा तुमच्या लोकांचा आपसातला खेळ झाला.

सुरगाण्याचे_गुरुजी

कांद्याचं बाजूला ठेवा जरा. आमच्याकडे रेशनला ई-पॉस मशीन आलं, अंगठा लावा मग धान्य. मजुरी करून बोटं घासलेली असतात, अंगठा उठत नाही, वर नेटवर्क डोंगराच्या मर्जीवर. म्हातारी दोनदा जाऊन रिकामी परत येते, आणि वर तिलाच ऐकवतात की तुमचंच काहीतरी चुकतंय. हे आम्ही तालुक्याला जाऊन सांगितलं की उत्तर ठरलेलं, "एकदोन केस असतील गुरुजी".

झारखंडमध्ये मुरलीधरन, नीहाउस आणि सुखठणकर यांनी हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं, मुद्दाम काही भागांत आधी आणि काही भागांत नंतर आधार पडताळणी लागू करून. ज्यांच्या कार्डाला आधार आधी जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारं धान्य सरासरी 10 टक्क्यांनी घटलं, आणि नुसत्या पडताळणीने गळतीही कमी झाली नाही. आता हा आकडा पुढे ठेवला की "एकदोन केस" म्हणता येत नाही. बागाईतदार दादा, तुमच्या मागे बाजार समिती आहे, संघटना आहे, आमदार तुमचा फोन उचलतो. आमच्या पाड्यावरच्या माणसाचं म्हणणं वर पोचायला असला पेपरच लागतो, कितीही कंटाळवाणा असला तरी.

पंचवटीकर

गुरुजींना पूर्ण अनुमोदन. अजून एक, 27 ऑगस्ट 2003 ला कुंभात चेंगराचेंगरी झाली, 39 लोक गेले, आम्ही पंचवटीतले लोक विसरलेलो नाही. 2015 च्या कुंभाला आपल्याच नाशिकचे रमेश रासकर, एमआयटी मीडिया लॅबचे, त्यांनी कुंभातल्या अडचणींवर उपाय शोधणारं कुंभथॉन सुरू केलं आणि त्यातून एक शाळकरी पोरगा असलेल्या टीमने पाऊल पडलं की माणूस मोजणारी चटई बनवली. ना चेहरा, ना नाव, फक्त किती माणसं या वाटेने गेली ते. गर्दी कुठे तुंबतेय ते कळायला एवढं पुरतं की. आता 2027 चा सिंहस्थ आहे, अशा कामाला नावं ठेवू नका.

कॉलेजरोडची_वकील

चटईला कोण नावं ठेवतंय. पण 2015 ची चटई आणि 2027 चा चेहरा ओळखणारा कॅमेरा या दोन गोष्टी एका वाक्यात घालू नका प्लीज. चटई माणूस मोजते, कॅमेरा माणूस ओळखतो.

आणि इथे संशोधनाचं कौतुक करणाऱ्यांना एक सांगते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकी कामाला सूट आहे, कलम 17 वाचा, अट एवढीच की त्या माहितीवरून विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. म्हणजे कोट्यवधी लोक गोदावरीत डुबकी मारायला येणार, त्यांचे फोन, त्यांच्या हालचाली, कोण कुठून आलं, हे सगळं "अभ्यास" या नावाखाली गोळा करायला दार उघडं आहे. डुबकी मारणाऱ्याची संमती कुठे? बागाईतदार दादांचा राग प्रश्नावलीवर आहे, पण प्रश्नावलीत निदान समोर बसून विचारतात आणि नाही म्हणता येतं. पुढच्या अभ्यासात विचारणारच नाहीत.

सातपूरचा_संत्या

हे मात्र भारी. म्हणजे सर्वेवाली पोरं परवडली म्हणायची

पीएचडी_रखडलेली

वकील ताई, बरोबर आहे, पण कॅमेऱ्याचा काय परिणाम होतो, कोणाला जास्त अडवलं जातं, कोणाचा चेहरा चुकीचा ओळखला जातो हे शोधायला पण संशोधकच लागतील, ठेकेदार कंपनी स्वतःहून थोडीच सांगणार आहे. संशोधनाची सूट काढली तर पहिल्यांदा अडकेल तो असा स्वतंत्र अभ्यास करणारा, कारण कॅमेरे लावणारे सुरक्षेच्या नावाखाली सुटतातच.

आता दादांचा तो शेवटचा मुद्दा. परत येऊन सांगत नाहीत, हे खरंय आणि त्याचं समर्थन नाही. प्रबंध इंग्रजीत, पेपर पैसे भरून वाचायचा, गावाला पत्ता नाही. आपल्याकडे 1989 पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर, दूरशिक्षणासाठीच काढलेलं. जिल्ह्यात जो काही अभ्यास होईल त्याची चार पानं मराठीत तिथून काढायला काय हरकत आहे?

आणि ऐकलं की उपयोग होतो याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वारणानगरला 1998 मध्ये गावोगाव संगणक बसवले होते ऊस उत्पादकांसाठी. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी बसून बघितलं तर त्या संगणकांवर मुख्यतः उसाची साधी साधी माहितीच बघितली जात होती, म्हणून त्यांनी तेच काम एसएमएसवर करून दाखवलं, कमी खर्चात.

मुनीम_पिंपळगाव

वारणेला साखर कारखाना एकच, त्याने सांगितलं की झालं. इथे बाजार समिती, व्यापारी, केंद्र सरकार, तीन तोंडं तीन दिशेला. ते उदाहरण नका देऊ.

निफाडचा_बागाईतदार

गुरुजींचं रेशनचं पटलं, तिथे लागत असेल आकडा. कांद्याच्या बाबतीत अजून नाही पटलं, निर्यातबंदी एका रात्रीत लागते आणि 4 मे 2024 पर्यंत चालते, त्याच्यापुढे मेसेज, ॲप आणि पेपर तिन्ही सारखेच. पण पुढच्या वेळी कोणी प्रश्नावली घेऊन आलं तर मी अट घालणार आहे, निकाल लागला की ग्रामसभेत येऊन मराठीत सांगायचा, तसं लिहून द्या मगच उत्तरं देतो. सगळ्यांनी अशीच अट घाला.

सातपूरचा_संत्या

दादा ग्रामसभेला कोरम भरत नाही तुमच्या, पाणीपट्टीच्या विषयाला तहकूब झालेली आठवतेय का

निफाडचा_बागाईतदार

तहकूब सभेला कोरम लागत नाही, तेव्हा सांगू दे.